कोणत्या नळाखाली बाटली धरायची

नाशिकला चार दिवस राहून आले म्हटल्यावर लोक विचारतात, द्राक्षं आणलीस का, त्र्यंबकला जाऊन आलीस का. मी दोन्ही केलं नाही. गोदावरीसुद्धा पाहिली नाही. रिक्षातून एक नदी दिसली, तिचा मी फोटोही काढला, आणि मग रिक्षावाल्याने सांगितलं की ती नासर्डी. मी पाहिलं ते नाशिक बहुतेक स्वयंपाकघरातलं आहे, आणि तेही पहाटे साडेपाच-सहाचं. ज्यांना तिथे जायचं कारण पडणार नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी पुण्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याचे नमुने गोळा करते. या वेळी काम शिसं आणि तांबं यांचं होतं. हे धातू धरणाच्या पाण्यात बहुधा नसतात. ते शेवटच्या काही फुटांत मिसळतात: घरातला जुना पाइप, त्याचे जोड, पितळी नळ. रात्रभर पाणी पाइपात उभं राहिलं की धातू त्यात उतरतो. म्हणून सकाळी घरातलं कोणीही नळ सोडायच्या आत, चूळ भरायच्याही आत, पहिला लिटर बाटलीत घ्यायचा असतो. आणि घरं निवडताना चांगली निवडायची नसतात. सगळ्यात वाईट पाइप जिथे असतील ती शोधायची असतात. हे वाक्य मी नाशिकला निदान वीस वेळा बोलले असेन. मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडत नाही, त्यामुळे ते विसाव्या वेळीही पाठ केल्यासारखंच आलं.

नाशिक रोड, सोमवार

कॉलनीचं नाव लिहीत नाही. रेल्वे स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, दोन तीनमजली इमारती, मधे कडुनिंब आणि त्याखाली स्कूटर. पुढची इमारत नुकती रंगवलेली. मागची जुन्या पिवळ्या रंगाची, भिंतीवरून पाइपांच्या गंजाचे ओघळ आलेली.

सोसायटीचे सेक्रेटरी देवरे काका फाटकाशी उभे होते. सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मूळचे सटाण्याकडचे. आल्या आल्या त्यांना भावाचा फोन आला आणि ते अहिराणीत बोलू लागले. मला अर्धंच कळलं, आणि ते अर्धं मी स्वतःवरच ओढून घेतलं.

"घरं ठरवून ठेवलीयेत," फोन ठेवून ते म्हणाले आणि एक टाइप केलेला कागद पुढे केला. "तुम्हाला शोधायला नको."

दहा घरं होती. दहाही रंगवलेल्या इमारतीतली.

"काका, मागच्या इमारतीतलं एकही नाही?"

"तिकडे काय बघणार तुम्ही? या, चहा घेऊ आधी."

आमच्या पुण्याच्या टॉवरमध्ये पाहुण्याला बंद बाटली देतात आणि कोणी कोणाच्या स्वयंपाकघरात जात नाही. इथे दहाही घरांत मला थेट ओट्यापर्यंत नेलं. काळा ग्रॅनाइट, चकचकीत टाइल्स, नवे स्टीलचे नळ. प्रत्येक घरात ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास, मग चहा, आणि सोबत चिवडा, नाहीतर शंकरपाळे. मी चहा घेत होते, पाणी नव्हते घेत. माझी बाटली माझ्या पिशवीत असते. सहाव्या घरातून बाहेर पडताना काका जिन्यात थांबून म्हणाले, "आमचं पाणी पीत नाही तुम्ही."

मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पुढे चालायला लागले.

संध्याकाळी सोबत आणलेल्या बारापैकी सहा बाटल्या मी पहिल्या सहा घरांत दिल्या, सूचना दोनदा सांगितल्या. फाटकाबाहेर एक बाई माझी वाट पाहत होती. कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, कडेवर चारेक वर्षांची मुलगी.

"मॅडम, मी वैशाली. मागच्या बिल्डिंगीत राहते. आमचं घर यादीत नाय ना?"

"नाही."

"मला ठाऊकच होतं." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "हिच्या रक्तात शिसं निघालंय. स्वराच्या. पोट दुखतं म्हणून नेली होती, जेवतच नव्हती. डॉक्टर म्हणले पाणी बघा, भांडी बघा, खेळणी बघा. मी सगळी खेळणी फेकली. घरातले पाइप मागच्या वर्षीच बदलले, वर फिल्टर बसवला. तरी दुसऱ्या तपासणीत कमी नाय झालं. मी मीटिंगमध्ये लय भांडले तेव्हा कुठे तुम्हाला बोलवलं. आता तुमचा कागद चांगला आला की रविवारच्या मीटिंगमध्ये ते म्हणतील, पाणी चांगलंय, पाइप बदलायचा खर्च कशाला. मग मी काय शोधू?"

स्वरा माझ्या पिशवीच्या चेनशी खेळत होती. तिचे हात बारीक होते आणि डोळ्यांखाली सावळं झालं होतं. मी वैशालीला म्हटलं, "यादी मी ठरवते. त्यांनी दिलेली नाही चालणार." म्हटलं खरं, पण तोवर सहा बाटल्या त्यांच्याच यादीतल्या घरांत गेल्या होत्या.

स्टेशनजवळच्या लॉजवर मी वहीत लिहिलं: 'सेक्रेटरीने मागची इमारत मुद्दाम वगळली आहे.' 'मुद्दाम'खाली रेघ मारली.

मंगळवारची पहाट

साडेपाचला हवेत गारवा होता. दूधवाल्याची मोटरसायकल तेवढी कॉलनीत फिरत होती. मी घराघरातून बाटल्या गोळा करायला निघाले आणि पहिल्याच घरात थबकले. सिंक ओलं होतं. दोन बादल्या काठोकाठ भरलेल्या. नळ असा लखलखत होता की त्यात ट्यूबलाइट दिसत होती.

"पहिलंच पाणी घेतलंत ना?"

"हो हो, अगदी पहिलं," त्या घरच्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या घरातही तसंच, ओलं सिंक. तिसऱ्या घरात नळ लिंबाने घासल्याचा वास येत होता. चौथं घर बोरस्ते काकूंचं. माझ्याकडे तांब्यासाठी कागदाच्या पट्ट्या असतात, त्या साधारण अंदाज देतात. काकूंच्या बाटलीत पट्टी बुडवली तर ती लगेच गुलाबी झाली. नवा स्टीलचा नळ, नवा प्लास्टिकचा पाइप, आणि पाण्यात तांबं. सहाही घरांत सगळ्या सारख्याच तत्परतेने "हो हो, पहिलंच" म्हणाल्या होत्या.

सगळ्यांना कोणीतरी शिकवून ठेवलंय, याबद्दल मला शंका उरली नाही. जिन्यात देवरे काका भेटले. "झालं सगळं व्यवस्थित?" त्यांनी विचारलं. "हो," मी म्हटलं आणि त्यांच्याकडे न बघता खाली उतरले. मला भांडता येत नाही. मी फक्त लिहून ठेवते.

सातपूर

कॉलनीचे पाइप कोणी घातले हे विचारत विचारत मी सातपूरला पोचले. शिफ्ट सुटायची वेळ होती. एमआयडीसीच्या रस्त्यावर मोटरसायकलींचा असा लोंढा की मला रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागली. कडेच्या टपरीवर मिसळ खाल्ली. पुण्याची मिसळ गोडीला झुकते. इथे काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळ्या वाटीत येतो, वर पापड. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा शेजारचा कामगार न विचारता दह्याची वाटी माझ्यापुढे सरकवून आपलं खात राहिला.

रफिकभाईंचं दुकान एका शेडच्या टोकाला आहे. साठीचे प्लंबर, चष्म्याला दोरी. कॉलनीचं नाव सांगितल्यावर त्यांनी स्टूल पुसून दिलं.

"दोनो बिल्डिंग माझ्या वडिलांच्या हातच्या. लोखंडी पाइप. तेव्हा जोडाला ताग गुंडाळायचे आणि वरून सफेदा फासायचे. त्यात शिसं असायचं, कोणाला काय माहीत? नळ पितळेचे. तेबी त्या काळचे." त्यांनी खोक्यातून एक जुना नळ काढून माझ्या हातात दिला. अपेक्षेपेक्षा जड होता. "पुढची पूर्ण बिल्डिंग मी चार वर्षांपूर्वी प्लास्टिकमध्ये केली. मागच्यांनी जमेल तसं केलं, कोणी आज, कोणी उद्या."

"म्हणजे जुने पाइप आता कुठे कुठे उरलेत?"

त्यांनी बोटं मोजली. "मागच्या बिल्डिंगीत चार घरं. आणि एक देवरे साहेबांचं."

"देवरे काका मागच्या इमारतीत राहतात?"

"मग? तळमजला. सगळ्यांच्या मागे लागून काम करून घेतलं आणि स्वतःच्या किचनला हात लावू दिला नाय. मी तीनदा गेलो. दारातूनच चहा पाजून वापस."

मी वही उघडली. कालच्या रेघेखाली अजून एक रेघ मारली. माणूस स्वतःचं घर लपवतोय आणि त्या लहान मुलीचंही.

"मॅडम," रफिकभाई माझ्या वहीकडे बघत म्हणाले, "पोलीस लिहितात तसं लिहिताय."

बुधवार

माझ्याकडे सहा बाटल्या उरल्या होत्या. सकाळी मी आधी बोरस्ते काकूंकडे गेले. एवढं धाडस मी सहसा करत नाही, पण गुलाबी पट्टी डोक्यातून जात नव्हती.

"काकू, खरं सांगा. बाटली नळाखालीच भरलीत?"

काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी काही वेडंवाकडं बोलल्यासारखं.

"नळाखालचं कसं देऊ? रात्री तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलं होतं. तेच घरातलं सगळ्यात चांगलं पाणी. आमचे हे उठल्या उठल्या तेच पितात."

"मग बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांनी नळ सोडला असेल थोडा वेळ. आणि घासला असेल. तुम्ही पुण्याहून आलात, तुमच्या हातात शिळं पाणी ठेवायचं का? पाइपातलं रात्रीचं पाणी आम्ही झाडाला घालतो."

"पण मी तर तेच मागितलं होतं. दोनदा सांगितलं."

"सांगितलंत," काकू शांतपणे म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, संकोचाने म्हणताय. तुम्ही तर चहाला पण नको नको म्हणता आणि मग पिता."

मी तिथल्या पाटावर बसले. सहा घरांना कोणीही काही शिकवलं नव्हतं. प्रत्येकीने आपापल्या मनाने माझा मान ठेवला होता आणि माझे सहा नमुने वाया घालवले होते.

"आणि काकू, देवरे काकांनी हीच दहा घरं का निवडली?"

"नेण्यासारखी म्हणून. त्यांनी घरोघर फिरून विचारलं की, ओटा आवरलेला असेल ना, सकाळी कोण असेल, चहा होईल ना. मागच्या बिल्डिंगीत कोणाच्या भिंतीला ओल, कोणाचे पोपडे. बाहेरचं माणूस तिकडे नेतात का?"

जिन्यातून उतरताना मला माझ्या रेघा आठवत होत्या. तरी संशय पूर्ण गेला नव्हता. बाकी घरांचं ठीक, पण स्वतःचं घर?

दुपारी साडेचारला वैशाली कंपनीच्या बसमधून उतरली. मी तिला सांगितलं की उद्या सकाळी तिच्या घरी बाटली लावायची आहे, आणि मागच्या इमारतीतल्या चार जुन्या घरांतही. ती खूश झाली, मग घड्याळ बघून म्हणाली, "थांबा, स्वराला घेऊन येते."

"कुठे असते ती?"

"देवरे काकांकडे. माझी पहिली पाळी असते, सहाला बस. तिला झोपेतच त्यांच्याकडे टाकते. तिथेच दूध, तिथेच खिचडी. दुसरं कोण सांभाळणार? मीटिंगमध्ये भांडते त्यांच्याशी, पण पोरीला जीव लावतात."

मी वहीतलं घरांच्या यादीचं पान उघडलं. वैशालीचे पाइप मागच्या वर्षी बदललेले होते, वर फिल्टर. तिच्या नळात काही निघणार नव्हतं हे मला आधीच कळायला हवं होतं. मूल जिथे राहतं तिथे नाही, मूल जिथे पाणी पितं तिथे बाटली धरायची असते. आठवड्यातले सहा दिवस, सकाळपासून दुपारपर्यंत, स्वरा ज्या घरात पाणी पीत होती ते घर यादीत नव्हतं.

वैशालीला मी हे बोलले नाही. पुराव्याशिवाय बोलायचं नाही हा प्रयोगशाळेचा नियम आहे. तो त्या दिवशी मला सोयीचाही वाटला.

काकांचं दार अर्धं उघडं होतं. स्वरा गेल्यावर ते तिची चित्रं गोळा करत होते.

"काका, उद्या सकाळी तुमच्या स्वयंपाकघरातला नमुना घ्यायचाय."

"माझा? नको. माझं काय, एकटा माणूस."

"तुमचे पाइप जुने आहेत."

"रफिक बोलला वाटतं." ते दारातच उभे राहिले, मला आत येता येणार नाही असे. "मॅडम, तिथे तुम्हाला नेण्यासारखं काही नाही. आमची ही गेल्यापासून मी तिथे काही बदललं नाही. ओटा फोडल्याशिवाय पाइप निघत नाही, आणि ओटा तिने उभं राहून बांधून घेतलेला. तुम्ही दुसरं घर घ्या."

मी सहसा अशा वेळी 'बरं' म्हणून निघून येते. पण या वेळी पाय हलेनात.

"काका, स्वरा इथेच पाणी पिते ना?"

त्यांनी हातातली चित्रं टेबलावर ठेवली. नीट जुळवून ठेवली, एकावर एक, कडा सारख्या करून.

"मी इतकी वर्षं हेच पितोय," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "मोठ्या माणसाला कमी बाधतं का हे?"

"लहानांना जास्त बाधतं."

"उद्या किती वाजता येता?"

गुरुवार

पावणेसहाला दार उघडलं तेव्हा काका आंघोळ न करता, तोंडही न धुता उभे होते. स्वयंपाकघर झाडलेलं, डबे पुसलेले, ओट्यावर नवं वर्तमानपत्र अंथरलेलं. मी आधी सिंककडे बघितलं. साफसफाईत नळ सोडला असेल तर हाही नमुना गेला.

"शेवटचा नळ कधी सोडलात?"

"रात्री दहाला. घड्याळ बघून बंद केला. त्यानंतर कोरड्या फडक्याने पुसलं सगळं. नळाला हात लावलेला नाही. घासायला ती असायची."

पितळी नळ काळा पडला होता. फक्त चावीचा भाग, रोज बोटं लागतात तेवढा, पिवळा होता. मी बाटली खाली धरली. काका भिंतीशी उभे राहून बघत होते. पाणी स्वच्छ दिसत होतं, रंग नाही, वास नाही. असंच दिसतं ते.

"दिसतंय तर चांगलं," काका म्हणाले.

मी झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली.

सहाला पाच मिनिटं असताना वैशाली स्वराला घेऊन आली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपलेली. ती मला काकांच्या घरात बघून दारातच थांबली. काकांनी मुलीला उचलून घेतलं आणि म्हणाले, "आज तुझ्या फिल्टरच्या पाण्याचा कॅन इकडे देऊन जा. तिला तेच देईन."

"का?"

"मॅडम सांगतील तपासल्यावर."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बसची वेळ झाली होती. ती वर गेली, कॅन आणून ठेवला आणि काहीही न विचारता पळाली. तिच्या घरची बाटली मी सव्वापाचलाच, ती नळ सोडायच्या आत, भरून घेतली होती. उरलेल्या चार घरांतही मी स्वतः उभी राहून बाटल्या भरल्या. चहा चार ठिकाणी झाला.

जाताना काका स्टेशनपर्यंत आले नाहीत. मुलगी झोपली होती, तिला एकटं टाकून येता येत नाही म्हणाले.

पुणे

शनिवारी संध्याकाळी आकडे आले. वैशालीच्या नळात शिसं नव्हतं. चार जुन्या घरांत थोडं थोडं होतं, त्यातल्या एका घरात मर्यादेला टेकलेलं. काकांच्या नळात मर्यादेच्या कितीतरी पट.

अहवाल सोसायटीला जातो आणि सोसायटी म्हणजे सेक्रेटरी. पत्ता मी स्वतः लिहिला, मग पाकीट बाजूला ठेवून फोन केला. फोन करणं मला अजिबात आवडत नाही. आधी कागदावर वाक्यं लिहून घेतली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी सांगितलं की असं पाणी पिणं बंद झाल्यावर मुलांच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरतं, डॉक्टरांना हा कागद दाखवा, उद्याच्या मीटिंगमध्ये मागच्या इमारतीचे पाइप बदलायला हा पुरेसा आहे. माझी वाक्यं संपली.

"वैशालीला कळवलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. आधी तुम्हाला. तुम्ही म्हणाल तर मी फोन करते तिला."

"नको. माझ्या तोंडून जाऊ दे."

ते फोन बंद करायला विसरले. चपला सरकवल्याचा आवाज आला, मग जिना. मधे थांबत, धापा टाकत ते वर चढत होते. बेल वाजली. आतून स्वराचा आवाज आला, "आजोबा आले," आणि कडी निघाली.

चार दिवस मी त्या कॉलनीतला शब्द न् शब्द कान देऊन ऐकला होता आणि वहीत टिपला होता. मी फोन कानापासून काढला आणि बंद केला.